पोथीच्या रुमालातलं पुस्तक

रत्नागिरी, १४ जुलै १९८७

चि. राही हिस, अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या ग्रंथालयातले रावजी काल तिसऱ्यांदा माझ्या दारात उभे राहिले, म्हणून हे लिहिणं भाग आहे. संगणकाला चित्र कसं पाहायला शिकवावं, ते इंग्रजी पुस्तक माझ्या शब्दावर त्यांनी तुला महिन्यासाठी दिलं होतं. दोन महिने झाले. माझ्या दोन कार्डांना तुझं उत्तर नाही. मुंबईच्या संस्थेतली मुलाखत तीन ऑगस्टला आहे आणि ती याच विषयावर. सासूबाईंना सांगितलंस का? जावईबापूंचं जहाज अजून आखातातच आहे का? तुझ्या सासूबाईंना, येसूबाईंना, नमस्कार.

तुझी
मथुरामावशी

गुहागर, १८ जुलै

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

रागावशील, पण सांगते. इथे माझ्या हातात पुस्तक दिसलं की सगळ्यांना सुपारी निवडायची आठवण होते. पोथी दिसली की कोणी हाक मारत नाही. म्हणून आषाढी एकादशीला ते पुस्तक पोथीच्या लाल रुमालात बांधलं आणि रोज देवघरात बसून वाचायला लागले. चित्राचे बारीक चौकोन पाडतात, प्रत्येकाला उजेडाप्रमाणे आकडा देतात; आकडा जिथे एकदम बदलतो तिथे वस्तूची कड. इतकं सोपं आणि इतकं अवघड!

सासूबाईंना वाटलं, मी यांच्यासाठी पारायण धरलं. आखातात तेलाच्या जहाजांवर हल्ले होताहेत हे रेडिओवर ऐकल्यापासून त्या धड जेवत नाहीत. त्यांनी शेजारच्या हौसाकाकूंना आणि आणखी चौघींना ऐकायला बोलावलं. मी पुस्तक समोर धरून लहानपणच्या पाठ ओव्या म्हटल्या. आता रोज म्हणते, आणि त्या संपत आल्या. काल कडा शोधण्याच्या प्रकरणावर हौसाकाकूंनी हळदकुंकू वाहिलं. आरंभलेली पोथी कार्तिकीपर्यंत घराबाहेर जात नाही आणि वाचणारी गावाची वेस ओलांडत नाही, असं सासूबाईंनी चारचौघींत सांगून टाकलंय. आता मुलाखतीचं कोणत्या तोंडाने काढू?

तुझी
राही

रत्नागिरी, २१ जुलै

चि. राही, आशीर्वाद.

रावजींच्या पुस्तकावर हळदकुंकू! एम.एस्सी. होऊन चोरून वाचायची वेळ आली, याला निम्मी जबाबदार मी. लग्न ठरवताना माडांची झाडं मोजली, घरात टेबल आहे का ते विचारलं नाही. पण नवऱ्याच्या जिवाच्या नावाखाली केलेली लबाडी सर्वस्वी तुझी. पत्र मिळताच सासूबाईंना सगळं सांग. ही मुलाखत चुकली तर तिथे पुन्हा जागा कधी निघेल ठाऊक नाही, हेही सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.

मथुरामावशी

गुहागर, २५ जुलै

मथुराबाईंना येसूचा नमस्कार.

हे पत्र तुमची भाचीच लिहून घेतेय. मी बोलते तसंच लिही, गोड करू नको, अशी तंबी दिलीय. काल तिने रडत सगळं सांगितलं. पान उलटत नाय, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. अक्षर येत नाय, पण डोळे हायत. वाटलं, पोरीला पोथी तोंडपाठ. हौसाला मोठ्या ऐटीत सांगितलंसुद्धा. आता तिला काय सांगू? घरात माझ्या रघूच्या नावाने कोणीतरी वाचतंय, ह्याच्यावर मी दोन घास खात होते.

पोरीला पाठवा म्हणता. पाठवते. मशीनला डोळे लावायचे असतील तर लावा. पण रघूची पत्रं मला कोण वाचून दाखवणार? हौसाला दिली तर तिन्हीसांजेच्या आत गावभर होतात. आणि रघू पाण्यावर असताना पारायण सोडायचं नाय. तेव्हा तुम्ही या. तुम्हाला पेन्शन आहे, मागे कोणी नाय. कार्तिकीपर्यंत राहा आणि वाचा. तुम्ही आलात तर ती जाईल, नाय तर नाय. माया असू द्या.

येसू

मावशी, वर सगळं त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. हे माझं: येऊ नकोस. राही.

गुहागर, १ ऑगस्ट

चि. राही, आशीर्वाद.

हे बस सुटल्यावर वाच. शिकवणीच्या मुलींना सांगून आले की हवापालटासाठी जाते. म्हणजे लबाडीत मीही तुझ्याच रांगेत. पोथीवरून तुझ्या आजोबांशी भांडून मी ती सोडली, त्याला पस्तीस वर्षं झाली. येसूबाईंनी काल पहिला प्रश्न केला, चष्मा आणलाय ना. दारातून समुद्र दिसतो, त्याच्याकडे त्या पाहत नाहीत आणि मलाही पाहू देत नाहीत. तीन महिने आहेत. नापास होऊन आलीस तर तुझ्याशी बोलणार नाही.

आजच्या देण्याघेण्याची नोंद तुझ्याजवळ असू दे. येसूबाईंनी सोडलं: ग्रंथालयाचं पुस्तक एक, मधल्या पानांवर हळदीचे डाग, मुलाखत झाल्यावर रावजींना रजिस्टर पोस्टाने पाठवायचं, आणि सून एक, मुंबईच्या बसपर्यंत. मी ताब्यात घेतलं: लाल रुमाल, फळीवरची खरी पोथी, रघूची सहा पत्रं. वाचन उद्या पहाटे पहिल्या ओवीपासून, मोठ्याने, पान उलटून दाखवत.

सही, मथुरा.
डाव्या हाताचा अंगठा, येसूबाई.