हिची डावी भुवई

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळी चित्रकलेच्या वर्गाला गेलो. सहा रविवार चालेल. विषय: चेहरा. घरी येऊन जेवलो. कपडे वाळत घातले.

लेकीचं म्हणणं, आईचा एखादा फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावू. सगळे फोटो काढून पाहिले. एकातही ही हिच्यासारखी दिसत नाही. कॅमेरा दिसला की हिचा हात तोंडावर जायचा. तेव्हा चित्र मीच काढणार. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही जन्मात पंप सोडून काही काढलंय का? पंपांच्या कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालो आहे. पंपापेक्षा चेहऱ्याला सुटे भाग कमी.

शेवटच्या रविवारी सगळ्यांची चित्रं भिंतीवर लावणार आहेत. माझं आधीच होईल.

९ नोव्हेंबर
शिकवणाऱ्या बाई लेकीपेक्षा लहान. मला काका म्हणतात. एका गृहस्थांना समोर बसवलं. मी त्यांना पुढून, बाजूने आणि वरून असं तिन्ही प्रकारे काढलं. टक्कल अचूक आलं. बाई बराच वेळ माझ्यामागे उभ्या होत्या. भारावल्या असाव्यात.

१६ नोव्हेंबर
पट्टी जप्त झाली. बाई म्हणाल्या, काका, दिसतं तसं काढा हो, असायला हवं तसं नको. नवख्यांसाठी सल्ला ठीक आहे. माझ्या खिशात छोटी पट्टी असते.

शेजारी दातांचे डॉक्टर बसतात. त्यांच्या चित्रातला प्रत्येक माणूस आ वासून असतो. काही लोकांचा धंदा सुटता सुटत नाही.

२३ नोव्हेंबर
घरी हिचं चित्र सुरू केलं. पद्धत सोपी. मधोमध सेंटरलाइन मारायची, एक बाजू काढायची, तीच उलटी करून पलीकडे उतरवायची. निम्मं काम वाचतं. हिची उजवी बाजू मला पाठ आहे. जेवायला ही कायम माझ्या डाव्या हाताला बसायची.

चित्र झालं. बाईंनी मन लावून शिकवलं, हेही मान्य करायला हवं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
लेक आली. चित्र बराच वेळ पाहिलं. म्हणाली, सुबक आहे. कोण आहे? मग म्हणाली, बाबा, आईची डावी भुवई जरा वर असायची. तुम्ही बोलायला लागलात की आणखी वर जायची. मला तर कधी दिसली नाही, असं मी म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही ताटात बघून बोलायचात. समोर मी असायचे.

मुद्दा किरकोळ आहे. उद्या भुवई चार मिलिमीटर उचलेन.

३० नोव्हेंबर
उचलली. ही थेट माझ्या थोरल्या मेव्हण्यासारखी दिसू लागली. खोडली. पुन्हा काढली. पुन्हा मेव्हणा. पुन्हा खोडली तर कागदाला भोक पडलं. वर्गाचा कागद हलक्या प्रतीचा आहे, असं बाईंच्या कानावर घातलं. नव्या कागदावर पूर्वीच्याच पद्धतीने काढलं. सिद्ध झालेली पद्धत सोडू नये.

७ डिसेंबर
चित्रं भिंतीवर लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजू काय जुळल्यात, कवळी अशी बसायला हवी. एका पाहुण्यांनी विचारलं, ही बाई पोलिसांना हवी आहे का? लेक चित्रासमोर थांबली, माझा दंड धरला आणि चहा घेऊ या म्हणाली. निघताना बाई म्हणाल्या, काका, डोळे मिटून काकूंना आठवा. हात आपोआप चालेल.

पुढच्या वर्गालाही नाव घालतो, असं लेकीला सांगितलं. पाया पक्का झाला आहे.

घरी येऊन नवा कागद घेतला. उजवी बाजू झरझर आली. मग डोळे मिटले. पुन्हा उजवीच आली. बराच वेळ मिटून बसलो. डावीकडे कागद तसाच राहिला. नंतर तर तोही धड दिसेना. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

दूध तापत ठेवलं. उतू जाऊ नये म्हणून शेजारी उभा राहिलो.