शुक्रवारच्या नाचात लेन कार्व्हर

सोमवार, ७ ऑक्टोबर १९५७, टोलेडो
हॅल ब्रूनरचा फोन. रेडिओवर कुठलं गाणं वाजायचं ते हॅल ठरवतो, त्यामुळे गावातले सगळे गायक त्याच्याशी गोड बोलतात. मीही बोललो. शुक्रवारी माझ्या मुलीच्या, मार्सियाच्या शाळेत नाच आहे. जिमची फरशी खराब होऊ नये म्हणून पोरं बूट काढून मोज्यांवर नाचतात. हॅल माझी रेकॉर्ड लावणार, मी पुढे उभं राहून नुसते ओठ हलवायचे. बिदागी नाही. बदल्यात आठवडाभर रेडिओवर माझं गाणं.
शेवटी आठवण झालीच लोकांना. सहा वर्षांपूर्वी माझं 'सोमवारपर्यंत थांब' घराघरात वाजत होतं.
संकल्प: पहाटे रियाझ. केक बंद.
मेव्हण्याला सांगून टाकलं, तुझ्या गालिच्यांच्या दुकानात मी आता फार दिवस नाही. तो म्हणाला, हे तू तीन वर्षांपूर्वीही सांगितलं होतंस.

मंगळवार, ८
रियाझ नाही. थंडी. घसा जपणं हाही रियाझच. मिठाच्या गुळण्या केल्या. स्टेलाने विचारलं, ओठच हलवायचे तर गुळण्या कशाला? बायको चांगली आहे, पण कलावंताच्या घशातलं तिला काय कळणार.
मार्सियाला बातमी सांगितली. आनंदाने पांढरी पडली. दुसऱ्या एखाद्या शाळेत नाही का जमणार, म्हणाली. लाजाळू आहे पोर.

बुधवार, ९
दुकानात रेडिओवर स्किप डॉसन. एकोणीस वर्षांचं कार्टं, माझंच गाणं पुन्हा गायलंय. गायलंय कसलं, उचक्या दिल्यात. त्याच्या रेकॉर्डला आमच्या घरात बंदी आहे आणि ती कसोशीने पाळली जाते.
शेवटपर्यंत ऐकलं, चुका शोधायला. दुपारी पुन्हा लागलं, तेव्हाही ऐकलं.

गुरुवार, १०
कार्यक्रमाचा टक्सेडो सूट धोब्याने आटवला. केक खाल्ला, पण उभ्याने.
शेल्फवरून माझी रेकॉर्ड काढून बॅगेत ठेवली. पाकिटावर माझा फोटो आहे, केस दाट. वाजवून बघायची गरज नाही, तोंडपाठ आहे. मार्सिया दोनदा दारात घोटाळली. तुमची बॅग मी भरू का, विचारत होती. बापाचं कौतुक आहे तिला, दाखवत नाही एवढंच.

शनिवार, १२, सकाळ
काल लिहवलं नाही.
हॅलने माझ्या पाकिटातून रेकॉर्ड काढली, न बघता लावली. आवाज आला तो स्किप डॉसनचा. मी तोंड उघडून उभा. मार्सिया भिंतीपाशी, दोन्ही हात तोंडावर.
थांबायला हवं होतं. ही माझी नाही, एवढंच सांगायचं होतं. थांबलो नाही. ओठ हलवले. उचकी आली तिथे उचकी दिली. एकही चुकली नाही. शेवटी तर खांदाही उडवला. पोरं हसून हसून मोज्यांवर घसरायला लागली. त्यांना वाटलं, नकलाकार बोलावलाय. इतक्या टाळ्या मला माझ्या आवाजावर कधी पडल्या नव्हत्या. मी वाकून त्या घेतल्या. पोरं हसली त्याची लाज नाही वाटत, वाकलो त्याची वाटते.
गाडीत बसल्यावर मार्सियाने बूट घातले. मग म्हणाली, "तुमचं पाकीट घरात कुणी उघडत नाही, डॅडी. म्हणून माझी स्किपची रेकॉर्ड त्यात लपवली होती."
माझी कुठे आहे, विचारलं. तिच्या स्वेटरात गुंडाळून कपाटात ठेवली आहे म्हणे, ओरखडा पडू नये म्हणून.
रागवायचं होतं. पण बंदी घालणारा मी, आणि प्रत्येक उचकी पाठ असणाराही मीच.

रविवार, १३
हॅलचा फोन. काय डोकं लढवलंस, म्हणाला. आता दर शुक्रवारी नवी शाळा, पण तीच नक्कल हवी. आणि शब्दाप्रमाणे आठवडाभर गाणं रेडिओवर लावणार. कुणाच्या आवाजात, ते मी विचारलं नाही.
हो म्हणालो.
मग मार्सियाचं दार वाजवून तिची रेकॉर्ड मागितली. तिने दिली. जपून वापरा म्हणाली, आणि परत आणल्यावर उघड्यावर शेल्फवर ठेवली तर चालेल का, असं हळूच विचारलं.
ठेव म्हटलं. माझी राहू दे स्वेटरातच.