गढूळ पिशवी

आई,

काल कोलशेतला एका सोसायटीत चार खोकी पोचवायला गेलेलो. सध्या कुरियरचं काम करतो. त्याआधी गोव्यात एका हॉटेलात होतो, त्याआधी केबल ओढत फिरलो, ते राहू दे. खोकं उचललं आणि वजनावरूनच कळलं, तुझ्याच पिशव्या. डायलिसिसच्या पाण्याच्या. दार एका बाईने उघडलं. आत तिचे म्हातारे वडील खाटेवर, पंखा बंद, खिडक्या बंद. "दादा, बाहेरच ठेवा. हात धुतल्याशिवाय आत कोणी नको," म्हणाली. मी खाली येऊन जिन्यातच बसलो. पुढची डिलिव्हरी चुकली, शिव्या खाल्ल्या.

आपल्या ठाकुर्लीच्या खोलीत दिवसातून चारदा हेच चालायचं. तुझ्या पोटातल्या नळीतून जुनं पाणी बाहेर, नवं आत, आणि ते करणारा मी, दोनदा कॉलेज सोडलेला. तू खाटेवरून परीक्षेतल्या बाईंसारखी लक्ष ठेवायचीस. "मास्क नाकावर घे रे, हनुवटीला सर्दी झालीय का?" नर्सने शिकवलेलं, कोपरापर्यंत साबण, त्यानंतर नळीशिवाय कशालाही हात नाही. पण नर्सच्या वर तुझी गावची देवी. तिचा अंगारा कपाळाला लागल्याशिवाय तू पिशवी जोडू द्यायची नाहीस. म्हणून आपण क्रम ठरवलेला: आधी अंगारा, मग हात, मग पिशवी. वर्षभर एकदाही चुकला नाही.

त्या रविवारी खाली मित्र बाईक चालू ठेवून हॉर्न मारत होते, विठ्ठलवाडीला मॅच होती. मी घाईत आधी हातच धुतले. तू म्हणालीस, "अंगारा राहिला." मी ओल्या बोटांनीच पुडी उघडली, तुझ्या कपाळाला लावला. "आता परत धू." मोरीत गेलो, तुला ऐकू जाईल असा नळ सोडला, हात न धुता नुसते पँटला पुसले आणि तशीच पिशवी जोडली. मॅच हरलो. मी शून्यावर गेलेलो, तेही मला अजून आठवतं, बघ.

तिसऱ्या दिवशी पिशवीत उतरलेलं पाणी पेजेसारखं गढूळ. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, हा जंतू मातीत, धुळीत, सगळीकडे असतो, आपल्या हातांवर येतो-जातो, कोणाला काही करत नाही. पोटात शिरून एवढं आजारी पाडतो असं क्वचितच होतं. "मग मीच बरी सापडले त्याला," तू म्हणालीस. ते हसले, मग विचारलं, पिशवी जोडताना काही वेगळं झालेलं का? मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. तू म्हणालीस, "मीच अंगारा लावला हो, माझाच हात लागला असेल नळीला." मग त्यांनी तुला चांगलंच झापलं. शिकलेल्या बाई दिसता, असं कसं करता. तू मान खाली घालून ऐकत होतीस. औषधं बदलली, नळी काढली, आणि तिसऱ्या आठवड्यात तू गेलीस.

जंतू नक्की कुठून आला ते सांगता येत नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी ते धरून बसतो कधी कधी, पण टिकत नाही. तुला खरंच तुझा हात लागला असं वाटलं, की हात पँटला पुसताना तू मला पाहिलेलंस? मोरीचा पडदा अर्धाच असायचा. हे कोणाला विचारणार, आणि हा कागद तरी कुठल्या पत्त्यावर टाकणार. म्हणून एकच लिहून ठेवतो, जे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टर तुला ओरडत होते ना, तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, आई. सुटल्यासारखं वाटलेलं.