मंजुळाचं बरोबर उत्तर

मोखाडा, एप्रिल १९९९. गुरुवार, संध्याकाळ.

नववीचे भूगोलाचे पेपर तपासतोय. प्रश्न माझाच होता: कोकणात पाणी मुबलक असते, कारणे द्या. मंजुळा आज पेपरला अर्धा तास उशिरा आली. हंड्याखालची चुंबळ अजून हातातच होती. "सर, झऱ्यावर लय बाया व्हत्या," एवढंच म्हणाली. आणि उत्तर काय लिहिलंय? "कारण येथे भरपूर पाऊस पडतो."

सहामाहीला याच पोरीनं लिहिलं होतं, "पाऊस पडतो, पण होळीनंतर आमच्या पाड्यात पाणी नसते." तेव्हा मीच लाल शाईनं ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, पुस्तकातले उत्तर लिही.

लिहिलं तिनं. ती चुंबळ डोळ्यांपुढून हलत नाही. काय करू? पूर्ण गुण दिले.