फोन झाला, तब्येत उत्तम

३ जून, सकाळी
आपल्या भागातल्या ज्येष्ठांच्या सेवा सुधारायला आरोग्य केंद्राने समिती नेमली आहे. त्यात मी. ज्येष्ठ म्हणून नव्हे, जाणकार म्हणून. आयुष्य नियोजन खात्यात काढलं. सदुसष्ट म्हणजे काही वय नाही.

५ जून
पहिल्याच मीटिंगमध्ये माझी योजना पास. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना रोज दहाला फोन करायचा. दोनदा उचलला नाही, तर लगेच केंद्रातल्या नर्सबाईंना कळवायचं. हा नियमही माझाच. माझ्या वाट्याला एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय एक्याऐंशी. सगळे त्यांना बाई म्हणतात.

९ जून
बाईंना फोन. पाऊण तास. गुडघे, शेजारीण, मग समितीच्या पत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका. पत्रक मी लिहिलं होतं.

१२ जून
फोन राहिला. पाच वर्षांचा आराखडा करत होतो. जिन्यांना कठडे, बसस्टॉपवर बाकं, दवाखान्यात मोठ्या अक्षरांच्या पाट्या. मोठं काम आहे. रजिस्टरमध्ये ‘फोन झाला, तब्येत उत्तम’ लिहिलं. उद्या दोनदा करीन.

१३ जून
दोनदा राहिला.

१९ जून
आठवड्याचं रजिस्टर एकदम भरलं. संशय नको म्हणून मंगळवारी ‘किंचित सर्दी’ टाकली. बायको म्हणाली, एवढ्यात फोन करून झाले असते. तिला नियोजनातलं कळत नाही.

२३ जून, दुपारी
नर्सबाईंचा फोन. बाई काल सकाळी साडेनऊला बाथरूममध्ये घसरल्या. डावं मनगट मोडलं. दोन वाजता शेजारीण पेपर परत द्यायला आली, तेव्हा कळलं. साडेचार तास फरशीवर.
कालच्या रकान्यात माझं अक्षर आहे: ‘फोन झाला. बाई खुशीत. खूप हसल्या.’
जेवण गेलं नाही. आराखडा कपाटात ठेवला.

२४ जून
सगळं कबूल करायला केंद्रात गेलो. नर्सबाईंनी कालच मागवून घेतलेलं रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. मी तोंड उघडायच्या आत नर्सबाई म्हणाल्या, बाईंनी सांगितलंय मला. त्या म्हणाल्या, साहेब मनाने चांगले आहेत, पण वय झालं. फोन केला की नाही, लक्षात राहत नाही त्यांच्या. त्यांना बोलू नका.
म्हणजे खोटारडा की विसराळू, एवढंच ठरवायचं उरलं. मी चष्मा पुसला. म्हणालो, हो, हल्ली होतं खरं तसं.
घरी येईपर्यंत मान वर झाली नाही.

२६ जून
योजनेत सुधारणा झाली. एकट्यांबरोबर विसराळूंनाही फोन जाणार. लाभार्थ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं. घरच्यांची संमती लागते. बायकोने वाचायच्या आधीच सही केली.

२८ जून, सकाळी १०
मला फोन आला तो बाईंचाच. डावा हात गळ्यात, उजव्याने फोन. नर्सबाईंनी त्यांनाच कामाला लावलंय. गोळी घेतली का, विचारलं. मी त्या दिवसाचा विषय काढला. म्हणाल्या, फोनकडे कान लावून पडले होते. वाटलं, आज तरी राहील तुमच्या लक्षात.
तक्रार नव्हती त्यात. असती तर बरं झालं असतं.

३० जून
ठरलं. उद्या बाईंना खरं सांगायचं. वाक्य कागदावर लिहून पाठ केलं: मी विसरलो नव्हतो, मी टाळलं. बायकोला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, एवढंच बोला, पुढे भाषण नको.

१ जुलै, सकाळी
दहाला बरोबर फोन वाजला. म्हणालो, बाई, एक सांगायचंय.
सांगा की, म्हणाल्या, पण आधी सांगा, काल संध्याकाळी काय जेवलात?
आठवेना. खरोखर आठवेना. ताट डोळ्यांपुढे आलं, तेही रिकामं. वर्गात एखादा अडला की थांबत असतील, तशा बाई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, असू द्या. होतं असं. हं, काय सांगणार होतात?
मी म्हणालो, विसरलो.