उजवी बाजू आणि मधला पूल

साकेत नगर, भोपाळ

तीर्थस्वरूप मंगलाताई यांना विश्वनाथचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मी ठीक आहे. मंदाकिनीच्या कुंड्यांना रोज पाणी घालतो, तरी दोन झाडं गेली (तिसरं गेलं की नाही, हे मला ठरवता येत नाही).

माझ्या गळ्याला उजवीकडे गाठ आली आहे. घरात आता माझ्याकडे बघणारं कोणी नसल्यामुळे ती प्रथम बिट्टन मार्केटातल्या भाजीवालीला दिसली. मग धाकटा भाऊ दिलीप मला सर्जनकडे घेऊन गेला. सर्जननी कागदावर थायरॉईड ग्रंथी काढून दाखवली. एक बाजू मधल्या पुलासकट काढली तर हेमीथायरॉइडेक्टॉमी, नुसता पूल काढला तर इस्थमसेक्टॉमी, सगळी काढली तर टोटल. दिलीप भाव करू लागला. "साहब, टोटल मत कीजिए, थोड़ा छोड़ दीजिए." सर्जन शांतपणे म्हणाले, थोडं सोडण्याचेही प्रकार आहेत. दोन्हीकडे जरा जास्त ठेवली तर सबटोटल, नसेजवळ चिमूटभर ठेवली तर निअर टोटल. "और बची हुई बाद में निकालनी पड़े तो?" "कम्प्लीशन." दिलीपने भाव करणं सोडलं (हे मी प्रथमच पाहिलं).

हेमी ठरली आहे. गाठ वाईट निघाली तर कम्प्लीशन. मला त्याची भीती नाही. पण ग्रंथीमागून आवाजाची नस जाते. तिला इजा झाली तर आवाज बसतो, क्वचित कायमचा. दिलीप म्हणाला, "दादा, तुला काय फरक पडतो? वहिनी असताना तू बोललास कधी?" मलाही हसू आलं. घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिला मोठ्याने हाक मारून पाहिली. सध्या आवाज चांगला आहे.

ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे. तुम्ही इंदूरहून येण्याची तसदी घेऊ नये.

आपला,
विश्वनाथ

ता. क. बुधवारी याल का? भूल उतरली की पेशंटला बोलायला लावून आवाज तपासतात. परक्यांना मी मानेनेच उत्तर देतो, आणि त्या दिवशी मान हलवायची नाही.

ता. क. २. मंदाकिनीच्या तेराव्यानंतर तुमचे फोन उचलले नाहीत, रागावू नका. तुम्ही तिची सख्खी बहीण, तुमचा आवाज हुबेहूब तिचा आहे, मला ऐकवेना. त्या वेळी मात्र तोच हवा. "अहो, ऐकलंत का?" एवढंच विचारा. पहिल्या हाकेला मी ओ देणार नाही (तिलाही कधी दिली नाही). डॉक्टरांना "घाबरू नका" म्हणावं, आणि पुन्हा विचारावं.