लुईसच्या घरी काही खाऊ नये

थॉमस, चष्मा तुझ्या कपाळावर आहे. तो खाली ओढ आणि मग वाच. हा कागद कुठे ठेवला ते तू विसरणारच, म्हणून एक प्रत माझ्या लुगड्यांच्या पेटीत आणि दुसरी जयवंत मास्तरांकडे ठेवली आहे. मास्तरांचं घरही आठवत नसेल तर विहिरीच्या पलीकडे विचार.

मी, क्लारा पास्कोल मच्याडो, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली नसताना सांगते आहे. डोकं शाबूत आहे, गुडघे नाहीत. मला अक्षर येत नाही, म्हणून नात प्रिस्का लिहिते आहे. हसायचं नाही, असं तिला बजावलं आहे.

कलम १. राहतं घर व मागची केळीची वाडी मुलगा थॉमस याची. विरारचा एक बिल्डर दोनदा चहा पिऊन गेला आहे. तिसऱ्यांदा चहा देऊ नये.

कलम २. पतपेढीतले अकरा हजार प्रिस्काच्या शिक्षणासाठी. हे लिहिताना ती लाजली, पण आकडा नीट काढला.

कलम ३. मोठी कढई आणि झारा शेजारीण कृष्णाबाईला. लग्नाच्या जेवणांसाठी फुगे करायचं काम आम्ही दोघींनी बावीस वर्षं केलं. मैदा मळून आंबवायची मी, तळायची ती, पैसे अर्धे अर्धे.

कलम ४. हे सांगताना मी तीनदा खाटेवरून उठून दारापर्यंत जाऊन आले, तेव्हा ओळी वाकड्या असतील तर दोष पोरीचा नाही. लुईस तुस्कानो याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही साडेसहाशे फुगे दिले. चाळीस पैशांप्रमाणे दोनशे साठ रुपये झाले. ते नऊ वर्षं येणे आहेत. लुईस लबाड नाही, त्याची बायको एमिली हुशार आहे. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमधला मिस्सा सुटल्यावर मी मागायला गेले, तर म्हणाली, "मावशी, आधी दोन घास खा, मग बोलू." मी खाल्लं. तिथेच चुकलं. ज्या घरी खाल्लं तिथे त्या दिवशी पैसे मागायचे नाहीत, हा माझ्या सासूचा नियम, आणि एमिली माझ्या सासूच्याच भाचीची लेक! पुढे मी फाटकाशी दिसले की ताट तयार. नको म्हटलं तर, "आमच्या घरचं चालत नाही का?" नऊ वर्षांत मी तिथे दोनशे साठांच्या वर खाल्लं असेल. ते धरू नये, मी मागितलं नव्हतं.

मला पैशांची हाव नाही. पण त्यातले एकशे तीस कृष्णाबाईचे आहेत. पदरचे द्यायला गेले तर म्हणाली, "लुईसने दिले की दे. घाई कुठाय?" तेव्हापासून ती माझ्याशी फार गोड बोलते. आधी असं गोड बोलत नसे. तिला वाटतं, पैसे मला कधीच मिळाले आणि मी गिळले. हा संशय मागे ठेवून मला मातीत झोप लागणार नाही. म्हणून थॉमसने घरून जेवून वसुलीला जावं आणि तिथे पाणीसुद्धा पिऊ नये.

कलम ५. साक्षीदार म्हणून लुईसला मुद्दाम बोलावलं आहे. साक्षीदाराला आतला मजकूर सांगावा लागत नाही, असं तालुक्याचे वकील म्हणाले. मी सगळा वाचून दाखवायला लावणार आहे.

सांडोर, रविवार, ९ नोव्हेंबर २००३
क्लारा पास्कोल मच्याडो (डाव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार: १. जयवंत चोरघे, शिक्षक २. लुईस तुस्कानो

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच दोघांसमोर. वाचन झाल्यावर लुईसचे कान लाल झाले. "मावशी, हे कोर्टात वाचतात का हो?"

"मोठ्याने," मी म्हटलं.

त्याने खिसे उलटे करून एकशे तीस काढले. बाकीचे नाताळला देतो म्हणाला. मी कृष्णाबाईला हाक मारली आणि त्याच्याच हाताने तिला द्यायला लावले. तिने मोजले, पदराला गाठ मारली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर खेकसली, "अगं थेरडे, याला आधीच का नाही बोलावलंस?" फार बरं वाटलं.

उरलेले एकशे तीस माझे. नाताळपर्यंत असले तर मी स्वतः जाईन. मी नसले आणि पैसेही आले नसले, तर मी गेल्यावर महिन्याने होणाऱ्या मिस्साला लुईसच्या घरी झाकणाच्या डब्यातून तीस फुगे पाठवा. कृष्णाबाईने तळलेले, गरम. एमिली कोणाचा डबा रिकामा परत करत नाही, आणि फुगे पाहिले की त्यात काय घालायचं ते तिला कळेल. तो हातात येईपर्यंत थॉमसने फाटकाबाहेर उभं राहावं.